अळणी पंगत

माहेरून माझ्याबरोबर जे सामान आलं त्यात शिलाई मशीन होतं, पितळेचा डबा होता आणि एक पाककृतीचं पुस्तक होतं. मशीनचं आणि डब्याचं सासरी कौतुक झालं. पुस्तक सासूबाईंनी उलटंपालटं करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, की तुमच्या अमरावतीला स्वयंपाक वाचून करतात का? मी तोंडाची फटकळ. म्हटलं, वाचून शिकतो आणि मग हातानं करतो. त्या दिवसापासून आमच्या दोघींचं जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, पण दुसरा शब्दही मला सुचत नाही. त्यांचा विश्वास हाताच्या अंदाजावर, माझा छापील ओळीवर. दोघी आपापल्या जागी ठाम होतो.

नागपूरच्या नंदनवन भागात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमचं घर तीन खोल्यांचं, पुढे लांबरुंद पडवी. यजमान वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला, सकाळी सायकल काढायचे ते दिवेलागणीलाच परत. घरात दिवसभर आम्ही तिघं: मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांनी लकडगंजात एका आरामशीनवर, लाकूड कापायच्या गिरणीत, तीस वर्षं काढली होती. सागवानाच्या ओंडक्याला हात लावून आतून पोकळ आहे का भरीव हे सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे ओंडके उरले नाहीत, पण माणसं होती. वर्षातून एकदा, भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला, आमच्या पडवीत चाळीस-पन्नास पानं उठायची. त्या पंगतीत सासरे मधोमध बसायचे आणि जेवता जेवता समोरच्याच्या पानाकडे बघत राहायचे. त्यांना स्वतःच्या जेवणाइतकंच दुसऱ्याचं जेवण आवडायचं.

माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी, चैत्रात, त्यांच्या पायांवर सूज आली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, लघवी तपासली, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, मीठ बंद. कमी नाही, बंद. पापड, लोणचं, सांडगे, बाहेरचं खाणं, सगळं बंद. नाहीतर मूत्रपिंडं थकतील आणि मग दवाखान्यात भरती करावं लागेल, तिथून पुढचं काही सांगता येणार नाही. सासरे परत येताना रिक्षात बाहेरच बघत बसले. मला वाटलं घाबरले. ते घाबरले नव्हते, रागावले होते.

त्यांच्यासाठी वेगळं छोटं पातेलं चढू लागलं. आमच्या वरणातून मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची, भाजीतून मूठभर बाजूला. ते ताट पुढे आलं की सासरे त्याच्याकडे असे बघायचे, की वाढणाऱ्यालाच लाज वाटावी. चार घास खाऊन उठायचे. कधी संध्याकाळी फिरायला म्हणून जायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कचोरी खाऊन मिशा पुसत यायचे. पंधरा दिवसांत त्यांचा सदरा खांद्यावर लोंबायला लागला, पायांची सूज मात्र होती तशीच होती.

मी म्हटलं, याचा उपाय पुस्तकात असणार. एका दुपारी सीताबर्डीवर गेले. उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसणारा एक म्हातारा होता, त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि जेवढी स्वयंपाकाची पुस्तकं होती तेवढी काढायला लावली. शेवटी तीन उरली. पहिलं होतं पथ्याच्या आहाराचं, कुठल्याशा परिचारिकेनं लिहिलेलं. त्यात दुधी उकडलेला, गाजर उकडलेलं, तांदूळ उकडलेला, आणि प्रत्येक पानावर धीर धरायचा उपदेश. ते सासऱ्यांसमोर ठेवलं असतं तर त्यांनी मलाच उकडलं असतं. दुसरं सणावारांचं, जाडजूड, पुण्याकडचं, लाडवांचे अठरा प्रकार असलेलं. तिसरं पातळसं, उपवासाच्या पदार्थांचं. ते उघडलं आणि माझे डोळे चमकले. साबुदाण्याच्या सात तऱ्हा, भगरीच्या पाच, शिंगाड्याची कढी, राजगिऱ्याचं थालीपीठ, रताळ्याचा कीस. आणि एकाही पाककृतीत मीठ नाही. पानामागून पान उलटलं, सगळीकडे एकच ओळ: मीठ वापरू नये, शेंदेलोण घालावे.

मला वाटलं, हेच. उपवासाला मीठ चालत नाही हे तर आमच्या घरात रांगत्या पोराला माहीत. म्हणजे उपवासाचं सगळं खाणं बिनमिठाचं, आणि तरीही चवीचं. इतकी साधी गोष्ट त्या डॉक्टरांच्याही लक्षात आली नाही याचं मला नवल वाटलं. मी पुस्तक छातीशी धरून घरी आले.

आणि पहिल्यांदाच सासूबाई माझ्या पुस्तकावर खूश झाल्या. त्या आयुष्यभर एकादशी, चतुर्थी, सोमवार, शनिवार करत आलेल्या. उपवासाच्या स्वयंपाकात त्यांचा हात असा, की शेजारणी उपवास नसताना साबुदाणा मागायला येत. आता नवऱ्याला रोज तेच करून घालायचं, आणि तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून, म्हणजे पथ्याचं पथ्य आणि पुण्याचं पुण्य. कपाटात शेंदेलोणाचा गुलाबी खडा असलेली बरणी होती ती खाली आली, खलबत्त्यात कुटून बारीक झाली. मी पुस्तक वाचायचं, त्यांनी करायचं. दोन महिने आमच्या दोघींमध्ये एकदाही खडाजंगी झाली नाही. यजमान मला एकदा म्हणालेही, की घरात काही बिघडलं तर नाही ना?

सासरे तर उजळले. भगरीवर शिंगाड्याची कढी ओतून घेत, रताळ्याचा कीस दुसऱ्यांदा मागत. कचोरीचं दुकान त्यांनी सोडलं. मला बोलावून म्हणाले, की तुझं पुस्तक चांगलं आहे, मला असं पथ्य जन्मभर चालेल. मी फुगले. खोटं कशाला बोलू, अंगणात चार बायका भेटल्या की मी विषय तिकडेच न्यायची.

ज्येष्ठ संपता संपता त्यांना चपला घालता येईनात. सूज पोटरीपर्यंत चढली होती. पहाटे तोंडावरही दिसायची. डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा दंडाला बांधला, आकडा पाहिला आणि सरळ विचारलं, की बाहेर काय खाता? सासरे म्हणाले, काही नाही. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, आणि मी, जिला घरातलं सगळं माहीत होतं, मान खाली घातली. कारण मलाही तेच वाटलं. कचोरी.

घरी आल्यावर मी तोंड आवरलं नाही. म्हटलं, बाबा, आम्ही दोघी दिवसभर चुलीपुढे राबतो आणि तुम्ही कोपऱ्यावर जाऊन त्यावर पाणी फिरवता. सासूबाईंनीही माझीच री ओढली. सासरे पडवीतल्या खुर्चीत बसले होते, हात मांड्यांवर. आवाज चढवला नाही.

"म्या दोन महिने बाहेर एक घास खाल्ला नाही," ते म्हणाले. "सांगून राहिलो, तर तुमी ऐकून नाही राहिले."

आम्ही खरंच ऐकलं नाही. तीस वर्षं ओंडक्याशी खोटं न बोललेल्या माणसाला आम्ही दोन बायकांनी पडवीत खोटं ठरवलं. तो दिवस आठवला की आजही मला स्वतःचा राग येतो.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, सकाळपासून झोपेपर्यंत ते काय काय खातात, कशात काय घालता, सगळं सांगा, काही गाळू नका. मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. साबुदाणा, दाण्याचं कूट, जिरं, मिरची, शेंदेलोण. भगर, तूप, शेंदेलोण. कढीत ताक, शिंगाड्याचं पीठ, शेंदेलोण. डॉक्टर लिहीत होते. त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, की हे शेंदेलोण म्हणजे नेमकं काय? मी म्हटलं, उपवासाचं मीठ.

ते शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले आणि माझ्याच कानांनी ऐकले. समुद्रातलं असो की डोंगरातलं, ते मीठच आहे, शरीराला एकादशी कळत नाही, असं त्यांनी नंतर समजावलं. माझं लक्ष नव्हतं. मला फक्त पडवीतली ती खुर्ची दिसत होती.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या साबुदाणा भिजवत होत्या. त्यांनी हात पुसले, बरणी उचलली, उजेडात धरून पाहिली, परत ठेवली. इतकी वर्षं त्यांनी जे देवाला चालतं म्हणून घातलं, ते माणसाला चालणार नाही हे त्यांच्या मनात बसायला वेळ लागला. मग त्या जमिनीवर बसल्या.

"म्या माह्या हातानं त्यायले मीठ चारलं वं," त्या म्हणाल्या. "आन् वरून चोर मनलं."

पुस्तक मी निवडलं होतं. हे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. टोमणा मारायची एवढी आयती संधी त्यांना पुन्हा कधी मिळाली नसती, आणि ती त्यांनी सोडली. त्या क्षणापासून मी त्या बाईची झाले.

सासऱ्यांची क्षमा आम्ही दोघींनी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि एक गोष्ट सांगितली, की ठीक आहे, माझं वेगळं पातेलं पुन्हा चढवा, मी खाईन. पण महालक्ष्म्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. सगळे जेवताहेत आणि माझ्या पानात आजाऱ्याचं वेगळं वाढताहेत, ते चाळीस लोक बघताहेत, हे मला नको. माझं ताट आतल्या खोलीत आणून द्या, दार लोटून घ्या. यजमानांनी समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी महालक्ष्म्यांच्या पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. तोवर सूज उतरली नाही तर भरती. आणि ते पुन्हा चार घास खाऊन उठू लागले होते, त्यामुळे अशक्तपणा आणखीनच वाढला. मला दोन्ही हवं होतं: त्यांचे पाय उतरायला हवे होते आणि ते पंगतीत मधोमध बसायला हवे होते. माझ्या चुकीनं दोन्ही गेलं होतं.

मग मी पुस्तकं निवडायला पुन्हा निघाले, पण या वेळी पदर खोचून. घराजवळच्या वाचनालयात बायकांसाठी दुपारी दोन तास टेबल मोकळं असायचं. तिथे मी पेन्सिल घेऊन बसू लागले. स्वयंपाकाचं जे पुस्तक असेल ते घ्यायचं आणि वाचायचं. तेव्हा मला कळलं, की प्रत्येक पाककृतीच्या शेवटी एकच ओळ झोपलेली असते: चवीपुरते मीठ. वांग्याच्या भाजीत चवीपुरते मीठ, कढीत चवीपुरते मीठ. हजार पदार्थ शिकवणाऱ्या माणसांनी शेवटची जबाबदारी त्या एका चिमटीवर टाकून हात झटकलेले. माझा संताप झाला. मग मी माझी कसोटी ठरवली. कागदावर पाककृती उतरवायची, ती ओळ पेन्सिलनं खोडायची, आणि बघायचं की मागे काय उरलं. नुसती भाजी आणि पाणी उरलं तर पुस्तक परत. भाजणं उरलं, आंबट उरलं, खमंग काही उरलं, तर ती पाककृती वहीत.

चौतीस पुस्तकं मी अशी चाळली. सणाच्या पुस्तकांनी निराशा केली, त्यात गोडाचीच गर्दी. पथ्याच्या पुस्तकांनी तर सगळंच सोडून दिलेलं, मीठ नाही म्हणताच त्यांनी तिखट, आंबट, फोडणी सगळ्यांनाच घराबाहेर काढलेलं. आजारी माणसाला जीभ नसते अशी त्या लेखकांची पक्की समजूत दिसली. वहीत जेमतेम बारा पदार्थ जमले.

तेराव्या पदार्थाचं दार लकडगंजात उघडलं. सासरे ज्या आरामशीनवर होते, त्या मालकांचं घर गुजराती. आषाढात तिथल्या शेठाणी बाईंनी सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करायला निरोप पाठवला म्हणून मी जाऊन आले. जेवायची वेळ होती. त्यांची दहा-अकरा वर्षांची नात वेगळ्या पाटावर बसून जेवत होती. मी विचारलं, ही वेगळी का? त्या सहज म्हणाल्या, की हिचं गौरीचं व्रत आहे, पाच दिवस अलूणं खाते. अलूणं म्हणजे? मीठ नाही, काहीच नाही, ते तुमचं उपवासाचं पण नाही.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. पोर मजेत खात होती. बळजबरी नाही, रडं नाही. पाच दिवस, दरवर्षी, लहान पोरी हसतखेळत बिनमिठाचं जेवतात, आणि मी चौतीस पुस्तकांत तेच शोधत होते.

शेठाणी बाईंकडे त्या व्रताची एक छोटी गुजराती पुस्तिका होती, पिवळी पडलेली, तुपाचे डाग पडलेली. त्यात कथा पुढे आणि पदार्थ मागे. मला गुजराती वाचता येईना, म्हणून त्या वाचून सांगत आणि मी मराठीत उतरून घेत असे. त्यांच्या घरी या व्रतात मिरी-जिरं चालायचं. पण पुस्तिकेपेक्षा त्यांनी समासात स्वतः लिहिलेलं जास्त मोलाचं होतं. पीठ नेहमीपेक्षा दुप्पट वेळ भाजायचं. तीळ शेवटी घालायचे, गरम असतानाच. लिंबू शिजवायचं नाही, पानात पिळायचं. मिठाची आठवण जिभेला पहिल्या घासाला होते, म्हणून पहिला घास आंबट द्यायचा. मी चार दिवस रोज गेले. सासऱ्यांना सांगितलं नाही, सासूबाईंना सगळं सांगितलं.

मग श्रावणभर आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात जे केलं त्याला तोड नाही. मी पुस्तकातलं वाचायची, त्या हातानं दुरुस्त करायच्या. शेठाणी बाईंचा पहिला आंबट घास सासूबाईंना एकदम पटला, पण लिंबाऐवजी त्यांनी अंबाडी घेतली. सुकं खोबरं त्यांनी इतकं भाजलं की मी करपलं म्हणून ओरडले, आणि चाखल्यावर पुन्हा हात पुढे केला. जे जमे ते काही न सांगता सासऱ्यांच्या पातेल्यातही जाई, आणि त्यांचे चार घासांचे दहा झाले. परीक्षक होते यजमान. त्यांना काही न सांगता वाढायचं आणि मीठ मागतात का ते बघायचं. पहिल्या आठवड्यात रोज मागितलं. दुसऱ्यात एकदोनदा. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्यांनी भाजी तीनदा घेतली, बोटं चाटली आणि सायकल काढून कामावर गेले. सासूबाईंनी मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चहा करून दिला.

आता राहिली महालक्ष्मी. मी मनात जे होतं ते बोलून टाकलं, की आई, सगळा स्वयंपाकच बिनमिठाचा करू. सोळा भाज्यांची भाजी, कढी, वडे, पंचामृत, आंबील, पुरण, सगळं. एकच पातेलं, सगळ्यांना तेच. मग बाबांचं वेगळं राहणारच नाही.

त्या दचकल्या. सवाष्णींना अळणी वाढायचं? देवीला अळणी नैवेद्य दाखवायचा? मी म्हटलं, आपल्या घरात नैवेद्याच्या आधी कुणी काही चाखत नाही, मीठ अंदाजानंच पडतं, दरवर्षी कशात तरी कमी नाहीतर जास्त होतंच. म्हणून तर पान मांडलं की सगळ्यात आधी वरच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढतात, ज्याला लागेल त्यानं घ्यावं. आणि देवीच्या पानात तर आपण मीठ वाढतच नाही. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"देवीच्या पानात मीठ नसते," त्या शेवटी म्हणाल्या. "मंग आवंदा त्यायचं पान देवीच्या पानासारखं वाढू."

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवण. पहाटेपासून चूल आणि गॅस दोन्ही पेटलेले. मिठाची बरणी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली, सवयीनं हात जाऊ नये म्हणून. तरी त्यांचा हात दोनदा त्या कोपऱ्यात गेलाच. अंबाडी घातलेली सोळा भाज्यांची भाजी, आंबट ताकाची कढी, आलं-मिरचीचे डाळीचे वडे, चिंच-गूळ-तिळाचं पंचामृत. मी वही उघडी ठेवली होती, पण दुपारपर्यंत त्यावर इतकं पीठ पडलं की वाचता येईना, आणि वाचायची गरजही उरली नव्हती. चाखायची सोय नव्हती. इतका मोठा जुगार मी पुढे आयुष्यात कधी खेळले नाही.

आरती झाली, सवाष्णी जेवल्या. कुणी पानातलं मीठ जास्त घेतलं, कुणी कमी, बोललं कुणी नाही. मग पुरुषांची पंगत बसायला लागली तेव्हा सासरे आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. दार लोटलेलं. सासूबाई आत गेल्या. मी उंबऱ्यात उभी होते.

"तुमच्यासाठी वेगळं भांडं चढलं नाही," त्या म्हणाल्या. "पंगतीत जे हाये तेच हाये. बसायचं तं बसा."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना वाटलं, आज यांनी नियम सोडला. उठले, सदरा नीट केला आणि पडवीत जाऊन मधोमध बसले.

मी वाढत होते. सगळ्यांच्या पानात वर मीठ, त्यांच्या पानात ती जागा रिकामी, त्यांनी ती पाहिलीही नाही. पहिला घास अंबाडीच्या भाजीचा. ते चावत राहिले, डोळे मिटले. मग कढी. मग वडा. शेजारी त्यांचा जुना सोबती बसला होता, तो पंचामृतासाठी हाक मारत होता. सासऱ्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली, पुरणाच्या पोळ्या तीन खाल्ल्या, आणि समोरच्याच्या पानाकडे बोट दाखवून मला म्हणाले, अगं, त्यांना वाढ ना. चैत्रापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी पोळीचं ताट घेऊन आत आले आणि डोळे पुसले.

पंगत उठल्यावर ते हात धुऊन थेट स्वयंपाकघरात आले. अपराधी चेहरा. म्हणाले, की तुम्ही दोघींनी माझ्यासाठी आज पथ्य मोडलं, मला कळतं. पोटभर जेवलो. आता डॉक्टर भरती करोत नाहीतर काही करोत, माझी तक्रार नाही.

सासूबाईंनी सोळा भाज्यांचं पातेलं पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, यात मिठाचा कण नाही. कशातच नाही. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पळी घेतली, भाजी घेऊन पुन्हा चाखली, हळूहळू, ओंडका तपासावा तशी. मग कढी. मग बाहेर पडवीकडे पाहिलं, जिथे लोक सुपारी कातरत बसले होते.

"म्हणजे हे सगळेच माह्यासंगं अळणी जेवले?"

हो म्हटलं, पानातलं चिमूटभर मीठ कुणी लावलं असेल तेवढंच. ते खाली पाटावर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडले. सासूबाई त्यांना म्हणाल्या की लोक बघतील, आणि स्वतःही रडायला लागल्या. मी मात्र रडले नाही. मला सरळ पडवीत जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बघा, मी जिंकले.

श्रावणापासूनच्या जेवणानं काम केलं होतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पोटरी दाबली, खड्डा पडला नाही. आकडाही उतरला होता. त्यांनी विचारलं, की सणात काय केलं? मी वही दाखवली. ते उभ्या उभ्या वाचू लागले, मग खुर्चीत बसून वाचू लागले. म्हणाले, माझ्याकडे असे वीस-पंचवीस पेशंट आहेत, कुणी नीट जेवत नाही, ही वही मला चार दिवस द्या, उतरवून घेतो.

मी द्यायला निघालेच होते. सासऱ्यांनी वहीवर हात ठेवला.

"वही नाही देत," ते म्हणाले. "घरात एकटं बसून वाचून काय होते? तुमचे पेशंट पाठवा. दिवाळीले आमच्याकडे जेवाले पाठवा."

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. पण त्यांनी निरोप दिले, आणि त्या दिवाळीत पाडव्याला आमच्या पडवीत अकरा अनोळखी माणसं आली, कुणाचे पाय सुजलेले, कुणाचा चेहरा, सगळे संकोचून भिंतीला टेकलेले. सासऱ्यांनी एकेकाचा हात धरून पाटावर बसवलं. त्या दिवशी ते स्वतः जेवायला बसले नाहीत, कमरेला पंचा बांधून शेवटच्या माणसाचं पोट भरेपर्यंत वाढत राहिले.